गोष्ट कुणाची, ते आधी बघ

मने, काल रात्री फोनवर तू चिडून बोलत होतीस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तुला सकाळी सहाला इथं, होळकरांच्या लालबागेत, बोलावलं. झोपमोड केली, त्याची भरपाई फिरून झाल्यावर पोहे-जलेबीनं करीन. आता एक चक्कर माझ्याबरोबर चाल आणि शांतपणे ऐक.

कॉलेजच्या लघुपट स्पर्धेत तुला परीक्षकांमध्ये घेतलं, तेव्हा मी सगळ्या घराला फोन करून सांगितलं होतं. दोन सर आणि विद्यार्थ्यांमधून एक तू. तेवीस फिल्म आल्या, त्यांतल्या सतरा भुताच्या नाहीतर खुनाच्या, आणि नऊ बघून होईपर्यंत तुझा धीर सुटला. ‘ताई, सगळ्या एका साच्यातल्या आहेत गं. तोच पडका वाडा, तीच पांढऱ्या साडीतली बाई, तोच दाढी वाढलेला इन्स्पेक्टर. एकीत तर भूत यायच्या आधी आजी चार मिनिटं नुसत्या वाती वळत बसते. मी सरांना सांगणार आहे, यंदा पहिलं बक्षीस कुणालाच देऊ नका.’

तुझं वैतागणं मला समजतं. पण ‘साचा’ हा शब्द तू शिवीसारखा वापरलास, तो मला रात्रभर टोचत राहिला.

तुला महालाचा हा दरवाजा आठवतो का? लहानपणी तुझं बोट धरून मी तुला याच्यासमोर उभं करायची. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजाची ही प्रतिकृती, इंग्लंडात घडवून बोटीनं आणलेली, वर होळकरांचं राजचिन्ह. तू सात वर्षांची असशील. मी तेव्हा दहावीत. मे महिन्याच्या सुट्टीत तुला मी भुयाराची गोष्ट सांगितली होती. महालाच्या मुदपाकखान्यातून जमिनीखालून जाणारी वाट आहे, एवढं खरं. बाकी सगळं मी रचलं होतं. त्या वाटेत एक मुलगी हरवली, तुझ्याएवढी, तुझ्यासारखाच निळा फ्रॉक घातलेली, आणि ती अजून आजीला हाका मारते, असं मी सांगितलं. त्यानंतर कितीतरी रात्री तू दिवा घालवू दिला नाहीस. आईनं मला रागं भरलं आणि मलाही मनापासून वाईट वाटलं. ते वाईट वाटणं आजही गेलेलं नाही.

पण त्यातून एक गोष्ट मी शिकले आणि ती तुला आज द्यायची आहे. त्याच सुट्टीत मी तुला मुंजाची, हडळीची, पिंपळावरच्या समंधाची गोष्ट सांगितली होती. त्या तू हसत ऐकल्यास. घाबरलीस ती निळ्या फ्रॉकला. अंधार तर सगळ्याच गोष्टींत होता, पण या एकाच गोष्टीत तुला ओळखीचं माणूस भेटलं. भीतीला आधी माणूस लागतो, मने. भुताचा नंबर त्यानंतर.

आता साच्याचं बोलू. गणपतीत आपल्या घरी मोदकाचा साचा निघतो. आजीच्या वेळचा, कडा झिजलेला. त्यातून निघालेला प्रत्येक मोदक दिसायला सारखा. मग एका वर्षीचे मोदक आपण दहा वर्षं आठवतो आणि एका वर्षीचे आरतीनंतर ताटात तसेच राहतात, ते कशामुळे? सारणामुळे. साच्यावर कुणी रुसत नाही. कीर्तनाचंही तेच बघ. बुवा उत्तररंगात हरिश्चंद्राचं आख्यान लावतात, तेव्हा रोहिदासाला साप चावणार हे समोर बसलेल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी एखादे बुवा असे असतात की तारामती मुलाला घेऊन स्मशानात आली की सगळा मंडप डोळे पुसतो, आणि दुसऱ्या एखाद्यांच्या वेळी लोक घड्याळ बघतात. गोष्ट ठाऊक असणं हा दोष असता तर कीर्तन केव्हाच बंद पडलं असतं.

आणि हा भुताचा साचा कुठून आला ते तरी माहीत आहे का? १९४९ सालचा कमाल अमरोहींचा ‘महल’ बघ. ओसाड हवेली, भिंतीवर जुनं चित्र, रात्री कुठून तरी येणारं बाईचं गाणं, त्या आवाजामागे जाणारा पुरुष. आज ज्याला तू शिळं म्हणतेस ते सगळं तिथं ताजं सापडेल. त्या गाण्याचा आवाज आपल्या इंदुरात जन्मलेल्या मुलीचा, लताबाईंचा. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या आणि सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणारीचं नाव म्हणून चित्रपटातल्या पात्राचं, ‘कामिनी’चं, नाव छापलं गेलं होतं. ध्वनिमुद्रणाची त्यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्यांना माइकपासून लांब उभं केलं होतं आणि गात गात हळूहळू पुढं यायला सांगितलं होतं. किती साधी युक्ती! एक मुलगी खोलीच्या एका टोकापासून चालत येते, आणि पंचाहत्तर वर्षांनंतरही आपल्या मानेवर काटा येतो.

पण ‘महल’ मनात राहतो तो निव्वळ या युक्तीमुळे नाही. शेवटी कळतं की ते भूत म्हणजे माळ्याची मुलगी आहे. आशा तिचं नाव. ओसाड हवेलीत एकटी वाढलेली, दुसऱ्याच्या प्रेमकहाणीत स्वतःला शोधणारी जिवंत मुलगी. भूत नाही म्हटल्यावर आपली भीती जाते आणि तिच्या जागी दुःख येऊन बसतं. ते दुःख म्हणजे सारण.

चल, त्या झाडाखालून वळू. इथं सावली आहे.

तू परीक्षक आहेस, तेव्हा दचका आणि धास्ती यांतला फरक तुला नीट कळायला हवा. दचका कानातून येतो. आधी सगळं शांत करायचं, मग एकदम कर्कश आवाज काढायचा आणि त्याच क्षणी पडद्यावर तोंड आणायचं. त्यात दिग्दर्शकाचं फारसं कौतुक नाही. शेजारच्या खोलीत पातेलं पडलं तरी आपण असेच दचकतो. धास्ती मात्र हळूहळू गोळा होते. ती ओळखायची एक सोपी रीत सांगते. ज्या दृश्याची भीती वाटली ते आवाज बंद करून पुन्हा बघ. दचका असेल तर काहीच उरणार नाही. धास्ती असेल तर तू तरीही पाय वर घेऊन बसशील, कारण ती बाई त्या दाराकडे चाललीये आणि दारामागे काय आहे हे तुला ठाऊक आहे. राम गोपाल वर्मांचा १९९९ सालचा ‘कौन’ घे. एक घर, एक पावसाळी दिवस, तीन नट आणि गाणं एकही नाही. बेल वाजते आणि दार उघडावं की उघडू नये एवढाच प्रश्न. त्या बेलीची भीती बसते, कारण आत एकटी असलेली ती मुलगी आपल्याला आपलीच वाटू लागते.

आणि ज्यांनी दचकेच विकले, त्यांनाही तुच्छ मानू नकोस. रामसे बंधूंचं नाव काढलं की आजची मुलं हसतात. १९७२ साली त्यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, तो घरातल्या घरात कामं वाटून घेत, अगदी थोड्या पैशांत. १९८४ साली ‘पुराना मंदिर’ आला आणि तो तुफान चालला. त्यातला सामरी हा राक्षस साकारणारे अनिरुद्ध अगरवाल शिकलेले इंजिनियर होते. तासन्तास चालणारा मेकअप, जड पोशाख, रात्र रात्र चित्रीकरण, हे सगळं अंगमेहनतीचं काम आहे. तुझ्या त्या सतरा फिल्मवाल्या मुलांनीही उसना कॅमेरा आणला असेल, कुणाच्या तरी काकांचा वाडा मागितला असेल, मैत्रिणीला आईची पांढरी साडी नेसवली असेल. ‘वाईट’ हा शब्द कागदावर लिहिण्याआधी ते हात डोळ्यांसमोर आण. गुण कमीच द्यायचे असतील तर कमी दे, पण हसत देऊ नकोस.

खुनाच्या फिल्मला मात्र वेगळी फूटपट्टी लागते. भुताच्या गोष्टीत दिग्दर्शक आपल्याला घाबरवतो, खुनाच्या गोष्टीत तो आपल्याशी एक करार करतो: मी लपवीन, पण खोटं बोलणार नाही. शेवटच्या दहा मिनिटांत कुणी तिसराच माणूस आणून ‘हाच खुनी’ म्हणणं म्हणजे करार मोडणं. अशा फिल्मला दुसऱ्यांदा बघण्यासारखं काही उरत नाही. चांगली फिल्म दुसऱ्यांदा जास्त रंगते, कारण सगळं समोरच ठेवलेलं होतं आणि आपणच बघितलं नव्हतं, हे तेव्हा कळतं.

या बाबतीत मराठीला मान खाली घालायचं काही कारण नाही बरं. राजा परांजप्यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून केलेला. एका वकिलाची बायको वारली आहे आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून सांगते, मीच ती. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला. दिसायला सारख्या दोन बायका, हा साचा त्याच्याही आधीचा. तरी काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावरची ती ओढाताण बघ. कायदा एक सांगतो, मन दुसरंच सांगतं. रहस्य उलगडेपर्यंत आपण बसतो ते खरं, पण जीव अडकलेला असतो तो त्या नवऱ्याच्या मनात.

निशिकांत कामतांचा २०१५ सालचा हिंदी ‘दृश्यम’ तर त्याच्याही पुढं जातो. मूळ गोष्ट मल्याळम, जितू जोसेफ यांची. कामतांनी ती गोव्यात मांडली. काय घडलं, कुणाच्या हातून घडलं, हे आपण आधीच पाहिलेलं असतं. लपवण्यासारखं फार थोडं उरतं, तरी दोन तास आपण खुर्चीच्या टोकावर, कारण चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर आपल्या मुलींसाठी काय काय लक्षात ठेवू शकतो, ते आपल्याला बघायचं असतं. ‘खुनी कोण’ हा प्रश्न काढून घेतला तरी फिल्म उभी राहते का, एवढं बघ. राहिली, तर तिच्यात माणसं आहेत.

इथं जरा बसू. पायऱ्यांवर नको, या बाकावर. इथून महाल पूर्ण दिसतो. आता जे सांगणार आहे त्यासाठीच तुला इथं आणलं.

लालबागेचं बांधकाम १८८६ साली सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी, १९२१ साली, पुरं झालं. महाल पुरा झाल्याला चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची ही घटना. १२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ, मुंबईचा मलबार हिल. अब्दुल कादर बावला नावाचा एक तरुण, श्रीमंत व्यापारी मोटारीतून चालला होता. सोबत मुमताज बेगम होती. ती आधी इंदूरच्या दरबारात नाचगाणं करणारी, याच तुकोजीराव महाराजांच्या आश्रयाला असलेली. दरबार सोडून ती निघून गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. एका मोटारीनं त्यांची गाडी अडवली. बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजला ओढून न्यायचा प्रयत्न झाला, तिचा चेहरा सुरीनं चिरला. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथं पोचले. एकाच्या हातात गोल्फची काठी होती, तिनंच तो हल्लेखोरांवर तुटून पडला. मुमताज वाचली. बावला गेला.

पकडलेली माणसं इंदूरची निघाली. मुंबई हायकोर्टात खटला गाजला, आणि एका आरोपीच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली. महाराजांवर कोर्टात खटला चालला नाही. सरकारनं त्यांच्यापुढं चौकशी आयोग किंवा गादी सोडणं, असे दोन पर्याय ठेवले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलासाठी, यशवंतरावांसाठी, गादी सोडली.

मने, ही गोष्ट मी लहानपणी पहिल्यांदा ऐकली ती एका लग्नघरात, म्हाताऱ्या बायकांच्या कुजबुजीतून. त्यांनी ती अशी सांगितली होती: ‘एका नाचणारीपायी राजा गेला.’ एवढंच. आम्हा मुलींना धडा म्हणून. वर्षानुवर्षं माझ्याही डोक्यात ती बाई म्हणजे एक काळी सावलीच होती. खूप पुढं, नोकरीला लागल्यावर, मी या खटल्याबद्दल नीट वाचलं. तिनं भर कोर्टात साक्ष दिली होती. आपण का निघून गेलो ते सांगितलं होतं, आपलं तान्हं बाळ गेल्याचं सांगितलं होतं, आणि चेहऱ्यावरच्या जखमा दाखवत हल्लेखोर ओळखले होते. ते वाचून मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसले. मी ऐकलेल्या गोष्टीत ती कारण होती. खरं तर ती गोष्ट तिचीच होती. सुरी तिच्या चेहऱ्यावर चालली होती आणि कुजबूज मात्र राजासाठी हळहळत होती.

आणि बघ, सिनेमानंही वाट बघितली नाही. त्याच १९२५ साली कोहिनूर फिल्म कंपनीनं होमी मास्तरांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट काढला. तो याच प्रकरणावर बेतलेला होता. म्हणजे बातमीतला खून उचलायचा आणि बातमी गरम असतानाच फिल्म काढायची, हा साचाही निदान शंभर वर्षांचा, आणि त्यात आपल्या शहराची गोष्टही आहे. तो मूकपट आज आपल्याला बघायला मिळत नाही, म्हणून त्याचा न्याय मी करणार नाही. पण कुठलीही खुनाची फिल्म बघताना तो माझ्या मनात असतो आणि मी विचारते, यात मुमताज कुठं आहे? कॅमेरा तिच्या बाजूला बसलाय, की खिडकीतून तिच्याकडे बघतोय?

हाच माझा पहिला आणि शेवटचा निकष. गोष्ट कुणाची आहे, आणि फिल्म ती कुणाला देते?

खुनाच्या फिल्ममध्ये तो असा लावायचा. मध्यंतरापर्यंत मेलेल्या मुलीबद्दल तुला काय काय कळलं ते मोज. नाव कळलं का? ती काय शिकत होती, कुणाशी भांडली होती, तिची दुसऱ्या दिवशीची कुठली कामं राहून गेली? यातलं काही नाही आणि फक्त चिखलातला हात, फाटलेली ओढणी आणि पावसात भिजलेला देह दिसला असेल, तर त्या फिल्मनं तिला दुसऱ्यांदा मारलं, असं मी समजते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खुनांची मालिका झाली, बळी बहुतेक बाया आणि मुली. त्यावर अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रीत’ केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. ते प्रकरण सवंग करणं किती सोपं होतं! पण त्या फिल्मनं रक्ताकडे न वळता लोभ, अंधश्रद्धा आणि सत्ता यांच्याकडे बघितलं. २०२४ साली त्याच खुनांवर आशिष बेंडे यांनी मालिका केली, त्यात तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आशुतोष गोवारीकरांनी केले. दोन्ही एकापाठोपाठ बघ. एकच घटना, पण एक गावाच्या बाजूनं बघते आणि एक तपासाच्या बाजूनं. तुलना करायला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

भुताच्या फिल्ममध्ये हाच प्रश्न उलटा करून विचार: भूत कुणाला केलंय? आपल्याकडे साच्यानं भुतं ठरवून टाकलीत. विधवा, बाळंतपणात गेलेली, मूल नसलेली, वेड लागलेली, जंगलातली म्हातारी. जी आधीच सगळ्यांनी दूर सारलेली, तिलाच पुन्हा पांढरी साडी नेसवून पिंपळाखाली उभी करायची. यातून काय होतं माहीत आहे? इथून झाबुआ-आलीराजपूर फार लांब नाही. त्या भागात एकट्यादुकट्या बाईला ‘डाकन’ ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. ती बाई फिल्ममधली नसते. म्हणून ज्या फिल्मच्या शेवटी असहाय बाईला जाळल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात, तिला मी कितीही सुंदर चित्रीकरणासाठी गुण देऊ शकत नाही. इथं मला कडक व्हावंसं वाटतं, आणि तूही व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

आणि जी फिल्म हाच साचा घेऊन न्याय करते, तिला भरभरून दे. विशाल फुरियांचा २०१७ सालचा ‘लपाछपी’ आठव. उसाचं रान, एकाकी घर, पोटुशी नायिका, लपंडाव खेळणारी मुलं. सगळं साच्यातलं. पण त्या घराचं गुपित उघडतं तेव्हा कळतं की भीती भुतांची नव्हतीच, मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांची होती. पूजा सावंत आणि उषा नाईक समोरासमोर येतात ती दृश्यं नीट बघ. पुढं त्याच दिग्दर्शकानं २०२१ साली हिंदीत त्याचा ‘छोरी’ केला.

किंवा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. ओसाड वाडा, शापित म्हातारी, पुरलेलं धन, म्हणजे आजोबांच्या वेळचा साचा. बीज नारायण धारपांच्या कथेचं. पण तीन काळांतून, १९१८, १९३३ आणि १९४७ मधून, सतत पडणाऱ्या पावसातून ती गोष्ट दाखवत राहते एका घराण्याची हाव, बापाकडून मुलाकडे जाणारी. पुढं पुढं आपल्याला हस्तर या राक्षसाची भीती उरत नाही, नायक विनायकाच्या मुलाच्या डोळ्यांतली चमक बघून भीती वाटते. २०१८ साली ही फिल्म आली तेव्हा थोड्यांनीच बघितली. २०२४ च्या सप्टेंबरात ती पुन्हा लागली आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालली. म्हणजे लोकांना सारण कळतं, मने. कधी कधी सहा वर्षं लागतात, एवढंच.

उठ, ऊन चढायला लागलं. चालता चालता कामाचं सांगते.

उरलेल्या फिल्म एका बैठकीत बघू नकोस. सातवी फिल्म शिळी वाटते ती पुष्कळदा आधीच्या सहांमुळे. दिवसाला तीन बस झाल्या. कानाला चांगले हेडफोन लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, खोलीत अंधार कर. त्या मुलांनी अंधारासाठी बनवलंय, त्यांना अंधार मिळायला हवा. प्रत्येकीसाठी वहीत तीन ओळी लिही. ही गोष्ट कुणाची आहे? मला नेमकी केव्हा भीती वाटली, आणि तेव्हा पडद्यावर कोण होतं? शेवट सुरुवातीत दडलेला होता का? साचा जुना आहे की नवा, हे चौथ्या ओळीत लिही, आणि जागा उरली तरच.

भीती वाटली नाही, तर ते मोठेपण समजू नकोस. आणि वाटली, तर लपवू नकोस. परीक्षकाच्या अंगावरचा काटाही एक पुरावा असतो. सरांसमोर बोलताना ‘मी या जागी घाबरले’ हे सरळ सांग. ‘तांत्रिकदृष्ट्या ठीक आहे’ असल्या वाक्यांपेक्षा त्याचा त्या मुलांना जास्त उपयोग आहे.

बक्षीस एकालाच मिळेल. बाकीच्या बावीसजणांसाठी एकेक चिठ्ठी लिही, तुझ्या हातानं. तुमच्या फिल्ममध्ये अमुक जागी मला माणूस दिसलं, आणि अमुक जागी तुम्ही त्याला सोडून भुतामागे धावलात. एवढंच. विसाव्या वर्षी असं कुणी लिहून दिलं, तर माणूस ते जन्मभर जपून ठेवतं.

आता शेवटचं. काल तू ती आजी सांगितलीस ना, भूत यायच्या आधी चार मिनिटं वाती वळणारी, तिला कंटाळवाणी म्हणालीस. मला ती फिल्म न बघताही रात्री झोप येईना. कुणीतरी मुलगा किंवा मुलगी, सगळ्यांना दचके हवे असताना, चार मिनिटं एका म्हातारीच्या हातांकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर कापूस आहे, बोटांना दुधाचा ओलावा आहे, उद्याच्या दिव्याची तयारी चालली आहे. हे साच्यातलं नाही, मने. हे कुणीतरी आपल्या घरातून आणलंय.

घरी जाऊन ती फिल्म पुन्हा बघ. आवाज बंद करून. फक्त त्या हातांकडे बघ. आणि वाती वळता वळता ते हात थांबतील ना, त्या क्षणी तुला काय झालं, ते मला फोन करून सांग. मी वाट बघते.